एका वॉर्डातली दोन लेकरं

कुडव्याच्या अंगणवाडीत लहान लेकरांच्या आयांची बैठक असते. मागच्या हिवाळ्यात आशाताईंनी मला तिथं बोलायला उभं केलं. "वनिताताई, तुमच्या सम्यकला हगवण लागली होती ना, त्यातून तो कसा निघाला ते सांगा जरा," म्हणाल्या. मी सांगितलं. ओआरएसचं पाणी चमच्याचमच्यानं कसं पाजायचं, लेकरू सुकत चाललं हे कसं ओळखायचं, घरी किती थांबायचं आणि कधी थांबायचं नाही. बायका मन लावून ऐकत होत्या. एकीनं तर वहीत लिहून घेतलं.

घरी आले, शिलाई मशीनवर बसले, तर पाय चालेना. कारण मी अर्धंच सांगितलं होतं.

त्या आजारपणात आमच्या घरातली दोन लेकरं होती. एक माझा सम्यक. दुसरी माझ्या मोठ्या जावेची मुलगी यशोधरा. तिला आम्ही यशू म्हणायचो. सम्यक आता नववीत आहे. यशू सव्वा वर्षाचीच राहिली. बैठकीत मी तिचं नावही काढलं नाही. राहिलेलं अर्धं इथं लिहिते आहे.

सौंदडचे तीन दिवस

माझे मिस्टर, प्रमोद, गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये कामाला. आम्ही कुडव्यात भाड्याच्या खोलीत राहायचो. सासर सौंदडचं. तिथं सासूबाई, मोठे भासरे म्हणजे प्रमोदचे थोरले भाऊ, त्यांची बायको शीलाताई आणि यशू. धानाच्या मळणीच्या दिवसांत घरी माणसं कमी पडायची, म्हणून मी दरवर्षी आठवडाभर जायची. त्या वर्षी सम्यक अकरा महिन्यांचा होता. त्याला घेऊन गेले.

शीलाताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. यशू त्यांना लग्नानंतर खूप वर्षांनी झालेली. मी पोचले तेव्हा दोन्ही लेकरं एकमेकांना बोटं लावून पाहत होती आणि शीलाताई हसून म्हणाल्या, "पाय वं, कशी पाहून राहिली. तिले वाटते बाहुलाच आणला."

तिसऱ्या दिवशी सकाळी सम्यकनं उलटी केली. मला वाटलं, जास्त दूध झालं असेल. मग दुसरी, तिसरी. दुपार व्हायच्या आत पातळ पाण्यासारखं सुरू झालं. त्याला एक आंबूस वास होता, तो मी आजही कुठंही ओळखीन. घरातली सगळी खळ्यावर गेली होती. मळणीची मशीन भाड्यानं यायची, तिचा नंबर लागायचा, आणि नंबर लागला की घरात कोणी थांबायचं नाही. मी आणि दोन लेकरंच घरी.

सम्यकचं कापड बदललं, घाण कापड टोपल्यात टाकलं. तेवढ्यात यशू भुकेनं रडायला लागली. साबण बोअरिंगजवळ, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. सम्यक खाटेवर, तो पडेल म्हणून मी तिथवर गेले नाही. जवळच्या गुंडातलं, म्हणजे हंड्यातलं, पाणी हातावर घेतलं, हात खंगाळले, पदराला पुसले, आणि त्याच हातानं वरण-भात कालवून यशूला भरवला. ती माझ्या मांडीवर बसून खात होती. शेवटी माझं बोट तोंडात धरून चोखत बसली.

हे कोणी पाहिलं नाही. मी कोणाला सांगितलंही नाही. पुढचं दीड वर्ष.

रोटा

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी सम्यकला घेऊन गोंदियाला आले. प्रमोद स्टेशनवर घ्यायला आले होते. तिथून सरळ सरकारी दवाखाना. सम्यक खांद्यावर ओल्या कापडासारखा पडला होता. रडत होता, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

लहान मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टरमॅडमनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती लगेच खाली गेली नाही. एक क्षण तशीच उभी राहिली. मॅडमनी सिस्टरला हाक मारली त्या आवाजावरूनच मला कळलं.

"रोटा असावा," त्या नंतर म्हणाल्या. "विषाणू आहे. थंडीत फार येतो. याला मारणारं औषध नाही. अंगातलं पाणी जातं तेवढं परत भरत राहायचं, मग आपोआप जातो."

"मॅडम, आम्ही पाणी उकळून पाजतो."

"तुमचं काही चुकलं असं नाही म्हणत मी. अगदी स्वच्छ घरातही येतो हा. हाताला, खेळण्याला, कापडाला लागून जातो."

त्यांनी धीर द्यायला सांगितलं होतं. माझ्या कानात मात्र एकच शब्द राहिला. हाताला.

सम्यकच्या हाताची शीर सापडेना. पायाला टोचलं, दुसऱ्या पायाला टोचलं, शेवटी कपाळाच्या बाजूला सुई लागली. प्रमोद बाहेर गाडीजवळ जाऊन उभे राहिले. त्यांना पाहवत नव्हतं. मला राग आला, पण खरं तर मलाही जायचं होतं. सम्यक माझ्या मांडीवर होता म्हणून मी राहिले.

वॉर्डाचा दिवस ठरलेला असायचा. सकाळी फिनाईलचा पोछा, मग वजन, मग मॅडमचा राऊंड, मग दिवसभर चमचा. उलटी थांबल्यावर सिस्टरनं मला वाटी दिली आणि आपलं घड्याळ दाखवलं. "एक मिनिटाला एक चमचा. घाई नाही करायची. ओकला तर दहा मिनिटं थांबायचं, परत सुरू." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसायची. काटा फिरला की चमचा. तासाला साठ चमचे. त्या मोजण्यात विचार यायला जागा नव्हती, हे बरं होतं.

शेजारच्या खाटेवर आमगावकडची एक म्हातारी नातवाला घेऊन होती. ती पोवारी बोलायची, मला अर्धं कळायचं. मी जेवत नाही हे तिनं पाहिलं. एकदा तिनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली, स्वतः सम्यकला चमचा लावला आणि मानेनंच मला डब्याकडे जा म्हणून खुणावलं. पंधरा मिनिटं. ते पंधरा मिनिटांचं जेवण मी विसरलेली नाही.

डबी

दुसऱ्या दिवशी ज्योती आली. ती दवाखान्याची नर्स नव्हती. हगवणीच्या लेकरांचे नमुने गोळा करायचं काम तिच्याकडे होतं. गोंदियाचीच पोरगी, वीस-बावीसची. तिच्याजवळ बर्फाचा डबा आणि लहान लहान प्लास्टिकच्या डब्या. झाकणालाच आतून चमची असलेल्या.

"दीदी, बच्चे के लॅट्रिनचा थोडा सॅम्पल पाहिजे," ती म्हणाली. "इलाजासाठी नाही हं, आधीच सांगते. कोणत्या प्रकारचा वायरस फिरून राहिला ते बघतात. पुढे लस बनवायची तर ते माहीत पाहिजे."

मी सही केली. आपल्या लेकराच्या हगवणीचंही कोणाला काही काम असू शकतं, याचं मला तेव्हा नवल वाटलं. सम्यकची डबी भरायला वेळ लागला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी चमचा मोजत असताना वॉर्डाच्या दारात भासरे दिसले. मला वाटलं, सम्यकला पाहायला आले. मग त्यांच्या मागून शीलाताई आल्या आणि त्यांच्या खांद्यावर यशू.

मी उभी राहिले. वाटी सांडली.

यशूचे डोळे आत गेले होते. नाक टोकदार दिसत होतं. जीभ बाहेर काढून ती ओठ चाटायचा प्रयत्न करत होती, पण ओठावर काही ओलं होत नव्हतं. मी गावाहून निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला सुरू झालं होतं. दोन दिवस घरीच.

तिला समोरच्या ओळीतली खाट मिळाली. डॉक्टरमॅडम धावत आल्या. सुया, बाटल्या, सगळं झालं. ज्योती डबी घेऊन आली तेव्हा शीलाताई तिच्यावर ओरडल्या, "कायले पाहिजे तुमाले? इथं पोट्टी मरून राहिली अन् तुमी डबी घेऊन आले!" भासऱ्यांनी सही केली. पण डबीत टाकायला फारसं काही आलंच नाही. चमचीच्या टोकाला लागेल एवढंच. यशूच्या अंगात काही उरलंच नव्हतं.

जे सांगायला सर्वांत जड जातं

दुसऱ्या दिवशी दुपारी सम्यक माझ्या मांडीवर होता. दोन दिवस त्याला नीट लघवी झाली नव्हती आणि मॅडम प्रत्येक राऊंडला तेच विचारायच्या. एकाएकी माझी साडी गरम झाली. मी खाली पाहिलं. तो मुतत होता. चांगली मोठी धार.

मी हसले. मोठ्यानं हसले. शेजारची म्हातारीही हसली, तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी "सिस्टर, सिस्टर" म्हणून हाक मारली, आणि हसतच मान वर केली.

समोरून शीलाताई माझ्याकडे पाहत होत्या.

यशू अर्ध्या तासानं गेली. मॅडम तिच्या छातीवर दोन बोटांनी दाबत होत्या, मग थांबल्या. वॉर्डात इतकी लेकरं रडत होती की एकाचा आवाज कमी झाला हे कळलंही नसतं. शीलाताई रडल्या नाहीत. यशूच्या पायातला निघालेला मोजा त्यांनी परत चढवला, नीट, टाचेपर्यंत. मग तिला उचललं.

मी उठून जवळ जायला पाहिजे होतं. मी सम्यकला छातीशी धरून तिथंच बसून राहिले. मला भीती वाटत होती की मी जवळ गेले तर माझं लेकरू पण.

दारात

तिला सौंदडलाच पुरलं. प्रमोद गेले होते. विहारातल्या माणसांनी त्रिशरण म्हटलं, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

सम्यकला सुट्टी मिळाली तशी मी त्याला घेऊन सौंदडला गेले. शीलाताई दारात उभ्या होत्या.

"त्याले आत नको आणू," त्या म्हणाल्या.

"ताई..."

"तुह्याच पोट्ट्यानं आणलं गोंद्यावरून. माह्या घरी काहीच नव्हतं. तू आली अन् तीन दिवसांत सगळं झालं."

सासूबाई चुलीजवळ होत्या. त्यांनी मान वळवली नाही. मी अंगणातूनच परत फिरले. सौंदडच्या स्टेशनवर गाडीला तीन तास होते. मी सम्यकला चमच्यानं पाणी पाजत बसले. आता त्याची गरज नव्हती, तरी.

त्यानंतर मी गावी गेले नाही. प्रमोद एकटे जायचे. परत आले की मी विचारायची, "ताई काही बोलल्या का?" ते म्हणायचे, "नाही." मग आमचं भांडण व्हायचं, भाजीवरून, गॅसवरून, कशावरूनही. यशूवरून कधीच नाही.

आणि माझे हात. मी ते धुवायला लागले. सम्यकला घ्यायच्या आधी, घेतल्यावर, मशीनवर बसायच्या आधी. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. शिवायला येणारं कापड रक्तानं खराब होऊ नये म्हणून पट्ट्या बांधायची. सव्वा वर्षाच्या मुलीचा फ्रॉक मी घेत नसे. माप सांगितलं की म्हणायची, "एवढा लहान मला जमत नाही." एक बाई हसली होती, "मोठा जमते अन् लहान नाही जमत?" मी हो म्हटलं.

दुपारी मशीन चालू असताना पुष्कळदा बोटाला काहीतरी ओढल्यासारखं वाटायचं. ओलं, गरम. मी मशीन थांबवायची. बोट कोरडंच असायचं.

दुसऱ्यांदा

सम्यक अडीच वर्षांचा असताना त्याला परत तसंच झालं. तोच वास. मी एक तासही थांबले नाही. प्रमोदच्या गाडीवर बसून सरळ दवाखाना. या वेळी ते सौम्य होतं, सलाईनही लागलं नाही. तरी मी मॅडमना सोडेना.

"मॅडम, हे एकदा झालंय त्याला. परत कसं?"

मॅडम त्याच, पहिल्या वेळच्याच. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "रोटा म्हणजे एकच नाही. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. एक होऊन गेला की दुसऱ्या प्रकाराचा लागू शकतो. एकाच वर्षी, एकाच गावात तीन-चार प्रकार फिरत असतात. म्हणून तर आम्ही नमुने घेतो."

मी तिथंच खुर्चीवर बसले. प्रमोद म्हणाले, "काय झालं?" डोक्यात एक गोष्ट शिरली आणि बसली. प्रकार पुष्कळ. सम्यकची डबी होती. यशूची डबी होती. दोघांचा प्रकार वेगळा निघाला असेल, तर तो माझ्या हातानं गेलेला नाही.

चौकशी

ज्योती अजून तिथंच काम करत होती. मी तिला बाहेर व्हरांड्यात गाठलं. माझं ऐकून तिचा चेहरा पडला.

"दीदी, तो रिपोर्ट घरच्यांना देत नाहीत. मोठ्या लॅबमध्ये जाते सॅम्पल, तिकडून नंबर येते नुसते. मॅडमची परवानगी लागेल."

मी मॅडमकडे गेले. त्यांना काही आठवत नव्हतं, मग मी समोरासमोरच्या दोन खाटा सांगितल्या, आणि त्यांना आठवलं. त्यांनी मला दार लावून बसायला सांगितलं. मी हाताचं सांगितलं. गुंडातलं पाणी, वरण-भात, सगळं. पहिल्यांदाच कोणाला तरी.

मॅडमनी लगेच धीर दिला नाही, हे मला आवडलं. त्या विचार करून बोलल्या. "वनिता, मी आधीच सांगते. दोघांचा प्रकार एकच निघाला तरी तुझ्याच हातून गेला असं ठरत नाही. एकच प्रकार अख्ख्या जिल्ह्यात फिरत असू शकतो. वेगळा निघाला तर मात्र तुझ्या मुलाचा तिला लागला नाही एवढं कळेल. बघायचंय?"

"हो."

"आणि एकच निघाला तर?"

मी म्हटलं, "तरी बघायचंय. आताही मी तेच मानून जगून राहिली आहे."

आठ दिवसांनी त्यांनी बोलावलं. ज्योतीनं रजिस्टर उघडलं. नावं नव्हती, नुसते नंबर, ओळीनं. तिनं दोन ओळींवर पट्टी ठेवून दाखवलं. सम्यकच्या ओळीत शेवटी प्रकार लिहिला होता, जी-वन. यशूच्या ओळीत रोटा आहे असं होतं. त्यापुढचा रकाना रिकामा, एक लहानशी रेघ.

"हे काय?"

"प्रकार निघाला नाही, दीदी," ज्योती म्हणाली. "सॅम्पल फार कमी होतं. काही काही वेळा पुरेसं असूनही ओळखू येत नाही. कधी नवीनच काही असते, त्याची ओळख पटवायची तजवीजच नसते. तिचं... कमीच होतं."

"परत नाही पाहता येत?"

"संपलं ते."

मी त्या रेघेकडे पाहत राहिले. वेगळा आहे असंही नाही, एकच आहे असंही नाही. एवढं सगळं करून मी तिथंच उभी होते.

सौंदडची गाडी

प्रमोद म्हणाले, "आपण गावी जाऊ. तू सांग त्यांना, वेगळा निघाला म्हणून."

"नाही निघाला."

"कोण पाहायला येते? वहिनीलेही बरं वाटन, तुलेही. हे किती वर्षं चालायचं आहे असं?"

गाडीत ते सम्यकला खिडकीजवळ घेऊन बसले होते. मी सगळा रस्ता ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. ताई, वेगळा निघाला. सोपं होतं. खोटं पकडलं जाणं शक्यच नव्हतं, डबीतलं संपलं होतं. खरं सांगते, सौंदड येईपर्यंत मी ते सांगायचं ठरवलं होतं.

शीलाताई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. केस पिकले होते. त्यांनी सम्यककडे पाहिलं, माझ्याकडे नाही. दारात मात्र उभ्या राहिल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या.

प्रमोद सम्यकला घेऊन मागे भासऱ्यांकडे गेले. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. तोंड उघडलं आणि ठरवलेलं वाक्य आलंच नाही.

"ताई, मी दवाखान्यात जाऊन विचारलं. यशूचा रोटा कोणता होता ते. सम्यकचा तोच होता का ते. कळलं नाही. तिचं सॅम्पल कमी होतं." मग थांबता आलं नाही. "त्या दिवशी तुम्ही खळ्यावर होत्या. मी सम्यकचं कापड बदललं अन् साबण न लावता तिला भरवलं. माझ्या हातानं गेलं असेल. नसेलही. मला माहीत नाही."

सूप थांबलं. मला वाटलं, आता त्या हाकलतील.

"साबण?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरी कोण लावत होतं वं साबण?"

मग त्या खाली पाहूनच बोलायला लागल्या. "तिले सुरू झालं त्या दिवशी मशीनचा नंबर परत आमचा होता. आधी अर्धंच झालं होतं. मी म्हटलं, उद्या नेऊ. आई म्हणे, पाणी नको देऊ, वाहूनच जाते. मी नाही देल्लं. ते गुंडाकडे हात करे. असा. मी तिचा हात धरून खाली करो." त्यांनी आपलाच हात धरून खाली केला. "दोन दिवस."

मी सुपाबाहेर पडलेले तांदूळ वेचायला लागले.

"तुह्यावर टाकलं म्हणजे मले राहता येत होतं," त्या म्हणाल्या. "नाही तं मी कशी राहतो? सांग."

आत सासूबाई खोकत होत्या. त्या थकल्या होत्या, खाटेवरून उठत नव्हत्या. त्यांना आता काय विचारणार होतो.

मग शीलाताईंनी विचारलं, "त्या कागदावर तिचं नाव आहे?"

"नाही. नंबर आहे."

"नावच नाही?"

त्यांच्या आवाजानं मी घाबरले. प्रकार निघाला नाही याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, हे मात्र त्यांना लागलं. मी प्रमोदचा मोबाईल मागून आणला आणि ज्योतीला लावला. तिला म्हटलं, यशूची आई विचारते आहे, तिचं नाव कुठंच नाही का?

"आहे ना," ज्योती म्हणाली. "सहीच्या फॉर्मवर आहे. ते फॉर्म वेगळे ठेवतात, कपाटात, कुलूप लावून. कोणी भलत्यानं पाहू नये म्हणून. द्या ना त्यांना फोन."

मी फोन शीलाताईंच्या कानाला लावला. ज्योतीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काकू, नाव आहे. यशोधरा. मला फॉर्म काढायची गरज नाही. समोरच्या ओळीतली खाट. पिवळं स्वेटर होतं अंगात, सगळ्यात खालचं बटन तुटलेलं. मी नवीनच लागली होती कामाला. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवली नव्हती."

शीलाताईंनी डोळे मिटले.

"हो," त्या म्हणाल्या. "पिवळंच होतं. म्या विणलं होतं."

पलीकडून ज्योती अजून काहीतरी बोलत होती, मग फोन बंद झाला. शीलाताईंनी तो कानावरून काढला नाही. दोन्ही हातांनी तसाच धरून त्या बसून राहिल्या, आणि मी तो परत मागितला नाही.